‘उरी’ : कोरियन समाज आणि त्याचा हातफोन

कोरियन भाषेत ‘उरी’ असा एक दोन अक्षरांचा शब्द आहे. ‘आम्ही’ किंवा ‘आमचे’ हा त्याचा अर्थ. शब्द लहान खरा, परंतु त्याचा विस्तार पाहू गेल्यास मन थक्क होते. कोरियन मनुष्य ‘माझा देश’ असे सहसा म्हणत नाही. ‘उरी नारा’, म्हणजे आमचा देश, असे म्हणतो. घर एकट्याच्या कमाईतून उभे राहिलेले असले तरी ते ‘उरी जिप’, आमचे घर. एकुलता एक मुलगादेखील आईचा उल्लेख ‘उरी ऑम्मा’, आमची आई, असाच करतो. इतकेच नव्हे, तर पत्नी पतीविषयी बोलताना ‘उरी नाम्प्यॉन’, आमचा नवरा, असे म्हणते, तेव्हा ती भाषा शिकू पाहणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यास हसू आवरत नाही. मराठी वाचकास मात्र हसण्याचे कारण नाही. ‘आमचे हे बाहेरगावी गेले आहेत’ हे वाक्य आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे, आणि त्यातील ‘आमचे’ या शब्दाचा हिशेब कोणी कधी विचारलेला नाही. (मराठीत ‘उरी’ म्हणजे छातीशी. हा केवळ ध्वनीचा योगायोग होय. पण त्या लोकांनी हा शब्द जसा जपला आहे ते पाहता योगायोग गोड वाटतो खरा.)

तथापि एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. कोरियनमधील ‘उरी’ दोहोंचे काम करतो. ऐकणाऱ्यास बाहेर ठेवून स्वतःकडे लहानपणा घेणारा ‘जोही’ असा एक नम्र शब्द त्यांच्यापाशी आहे. पण देशाविषयी बोलताना तो वापरणे चुकीचे मानतात, कारण स्वतः नम्र व्हावे, राष्ट्रास नम्र करू नये, अशी त्यांची समजूत आहे. अशा या समाजाच्या हाती गेल्या सुमारे चाळीस वर्षांत खिशात मावणारा दूरध्वनी आला. त्याचे या ‘उरी’शी काय नाते जडले, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दुकानांतून कोरियन नावाचे फोन विकले जातात. त्यांतील पुष्कळसे नोएडा येथे तयार होतात. तेथील विस्तारित कारखान्याचे उद्घाटन २०१८ च्या जुलैमध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी व कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी मिळून केले होते. माल ओळखीचा आहे. ज्या समाजातून तो आला त्याची ओळख मात्र आपणांस कमीच आहे.

कोरियन लोक या यंत्रास ‘हॅण्डूपोन’ म्हणतात. ‘हात’ आणि ‘फोन’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्यांनी तो बनविला; इंग्रज स्वतः तसे म्हणत नाहीत. आम्हांस हा शब्द आवडला, म्हणून पुढे ‘हातफोन’ असेच लिहितो.

सेऊलच्या ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, १९८८ च्या जुलैमध्ये, ही सेवा तेथे सुरू झाली. यंत्र विटेएवढे, किंमत एका लहान मोटारीच्या जवळपास, आणि पहिल्या वर्षी ग्राहक हजारासही पोचले नाहीत. सामान्य लोकांच्या कमरेला त्या काळी पेजर असे. १९९७ पर्यंत सुमारे दीड कोटी पेजर झाले, म्हणजे दर तीन माणसांमागे एक! पेजरवर अक्षरे उमटत नसत, केवळ आकडे येत. परंतु गरज तेथे युक्ती. कोरियनमध्ये ८ ला ‘पल’ आणि २ ला ‘ई’ म्हणतात. तेव्हा ‘८२८२’ असे आकडे आले की ‘पल्ली-पल्ली’, म्हणजे लवकर ये, लवकर कर, असा निरोप समजावयाचा. ‘१००४’ चा उच्चार ‘चॉन-सा’, आणि ‘चॉनसा’ म्हणजे देवदूत. तेव्हा हे आकडे प्रेमाचे. आपल्याकडील जुन्या पेढ्यांतून भावाची खूण सांकेतिक अक्षरांनी लिहीत, तशीच ही एका पिढीची सांकेतिक लिपी होती. ती ज्यास कळे तो आपला, न कळे तो परका.

फोनच्या बाजारात प्रथम वर्चस्व होते ते अमेरिकेच्या मोटोरोलाचे. सॅमसंगने १९९४ मध्ये ‘एनीकॉल’ या नावाने आपला फोन बाजारात आणला, तेव्हा त्याच्या जाहिरातीतील मुख्य मुद्दा फार चतुराईचा होता. हा फोन कोरियाच्या भूमीवर समर्थपणे चालतो, असे त्यात सांगितले होते. देशाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग डोंगराळ. तेव्हा परदेशी यंत्रास आमचे डोंगर काय ठाऊक, असा त्यातील भाव. पण जाहिरात कितीही चांगली असली तरी माल खोटा निघाला तर काय उपयोग? फोन नीट चालत नाहीत अशा तक्रारी कंपनीचे अध्यक्ष ली कुन-ही यांच्या कानी आल्या. १९९५ च्या मार्चमध्ये गुमी येथील कारखान्याच्या पटांगणात सुमारे दोन हजार कामगारांसमक्ष दीड लाखांच्या आसपास फोन व तत्सम यंत्रे रचून ती हातोड्यांनी फोडली गेली आणि जाळली गेली. किंमत सुमारे ५,००० कोटी वॉन. सदोष माल गुपचूप परत घेऊन हिशेबात बसविणारे कारखानदार जगात पुष्कळ आहेत. येथे दोष एकाचा न मानता सर्वांचा मानला, आणि लाजही सर्वांनी उघड्या पटांगणात मिळून सोसली. व्यापारी या नात्याने आम्हांस हा प्रसंग अंगावर काटा आणणारा वाटतो. त्यात मालकाचा दरारा किती आणि सामुदायिक भावना किती, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. त्याच वर्षी एनीकॉलने देशी बाजारात मोटोरोलास मागे टाकले.

पुढे १९९७ च्या अखेरीस कोरियावर मोठे आर्थिक अरिष्ट आले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. १९९८ च्या आरंभी लोकांनी घरातील अंगठ्या, साखळ्या, मुलांच्या वाढदिवसाची वळी बँकांतून आणून दिली. सुमारे ३५ लाख लोकांनी २२७ टनांच्या आसपास सोने जमविले. आमच्या सराफ बंधूंस या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नाणेनिधीचे कर्ज २००१ च्या ऑगस्टमध्ये, मुदतीपूर्वी तीन वर्षे, फिटले. नवल असे की याच हलाखीच्या काळात हातफोनचा प्रसार थांबला नाही. १९९६ च्या जानेवारीत इंचॉन आणि बुचॉन या शहरांतून कोरियाने सीडीएमए नावाची नवी पद्धत सुरू केली होती, आणि १९९९ मध्ये हातफोनधारकांची संख्या तारेच्या दूरध्वनीधारकांहून अधिक झाली. घरातील एक फोन सर्वांचा, ही रीत तेव्हा संपली. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र फोन आला. आता या लोकांतील ‘उरी’ विरघळणार आणि जो तो आपल्यापुरता होणार, असे भविष्य वर्तविणे सोपे होते.

तसे घडले नाही. का घडले नाही, याचे उत्तर एका सूत्रात देता येईल असे आम्हांस वाटत नाही. काही गोष्टी मात्र नजरेत भरतात.

पहिली गोष्ट लिपीची. कोरियन लिपी राजा सेजोंग याच्या काळात १४४३ मध्ये सिद्ध झाली व १४४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्वर तीन मूळ चिन्हांवरून बनविले आहेत: बिंदू म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे पृथ्वी, उभी रेघ म्हणजे मनुष्य. हातफोनवर बाराच कळा असत. त्यांवर सारी अक्षरे कशी बसवावी, हा प्रश्न सर्व भाषांना पडला. देवनागरीचे त्यात किती हाल झाले हे आपण अनुभविले आहे. सॅमसंगच्या ‘चॉनजीइन’ पद्धतीने सेजोंगची तीन चिन्हे तीन कळांवर ठेवली आणि त्यांच्या जोडणीने सर्व स्वर लिहिता येऊ लागले. ‘चॉनजीइन’ याचा अर्थच आकाश, पृथ्वी, मनुष्य. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या राजाने जणू अंगठ्याची सोय पाहून लिपी रचली होती! शाळकरी मुले खिशात हात घालून, न पाहता, संदेश लिहू लागली आणि त्यांना ‘अंगठा जमात’ असे नाव पडले. परकीय यंत्रात आपलीच लिपी इतक्या सहज बसावी, हा अभिमानाचा विषय झाला, आणि तो यथार्थ होता.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. प्रारंभी प्रत्येक कंपनीच्या क्रमांकाचा आरंभ निराळा होता. त्यांत ०११ ने सुरू होणारा क्रमांक जुना व प्रतिष्ठेचा मानला जाई. २००४ पासून सरकारने सर्वांस ०१० हा एकच आरंभ देण्याचे धोरण धरले. बहुसंख्य लोक बदलले. पण काही हजार माणसे हटून बसली. जुना क्रमांक सोडावा लागू नये म्हणून त्यांनी नव्या फोनचा मोह टाळला, जुनी यंत्रे दुरुस्त करकरून वापरली, न्यायालयाची पायरीही चढली. पेढीच्या पाटीवर रंगविलेला क्रमांक पुसताना व्यापाऱ्याचा जीव कसा कासावीस होतो, हे आम्ही जाणतो. त्यामुळे या माणसांस हट्टी म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही. २०२१ च्या जूनअखेर जुने आरंभ इतिहासजमा झाले. आता सारा देश एकाच तीन आकड्यांनी सुरू होतो.

तिसरी गोष्ट किंचित गमतीची. २००२ मध्ये तेथे अशी सेवा निघाली की फोन करणाऱ्यास नेहमीच्या घंटीऐवजी, ज्याला फोन केला त्याने निवडलेले गाणे ऐकू यावे. पैसे ज्याचे, त्यास ते गाणे ऐकूच येत नाही, ते दुसऱ्यासाठी. दाराशी पाहुण्यासाठी रांगोळी घालावी तसा हा प्रकार. पुढे तो जगभर गेला आणि आपल्याकडेही येऊन गेला.

२००२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी डिसेंबरच्या १९ तारखेस राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. उमेदवार रोह मू-ह्युन यांना पाठिंबा देणारे चुंग मोंग-जून यांनी मतदानाच्या आदल्या रात्री अकस्मात पाठिंबा काढून घेतला. वर्तमानपत्रे छापून झालेली, सभा संपलेल्या. तेव्हा रोह यांच्या तरुण पाठीराख्यांनी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी मतदान संपेपर्यंत हातफोनवरून मित्रांस, मित्रांच्या मित्रांस संदेश धाडले: मतदानास जा. रोह सुमारे ५ लाख ७० हजार मतांनी निवडून आले. केवळ संदेशांनीच निवडणूक जिंकली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण हातफोन हे समाजास एका रात्रीत जागे करणारे साधन आहे, ही जाणीव त्या दिवसापासून कोरियात रुजली.

आता मुख्य विषयाकडे वळू. २०१० च्या मार्चमध्ये ‘काकाओटॉक’ नावाची निरोपांची सेवा सुरू झाली. त्यापूर्वी प्रत्येक संदेशास पैसे पडत, येथे फुकट. काही वर्षांतच सुमारे पाच कोटी लोकसंख्येचा जवळजवळ सारा देश तीत दाखल झाला. आपल्याकडे व्हॉट्सॲपचे गट आहेत, तसे तेथे काकाओचे गट. कोरियन लोक त्यांस ‘खोली’ म्हणतात. घराची खोली, शाळासोबत्यांची खोली, इमारतीतील रहिवाशांची खोली, कचेरीची खोली, आणि साहेबास वगळून कचेरीची दुसरी खोली! कोरियन भाषेत कुटुंबासाठी ‘सिक्कू’ असा एक शब्द आहे. त्याचा अक्षरशः अर्थ ‘खाणारी तोंडे’. घरात खाणारी तोंडे किती, असे आपणही म्हणतो. परंतु आज त्या देशातील एक तृतीयांशाहून अधिक घरांत खाणारे तोंड एकच आहे. अशा घरातला मनुष्य समोर हातफोन उभा करून, दुसरा कोणी जेवत असल्याचे चित्र पाहत जेवतो. हा प्रकार कोरियातच प्रथम लोकप्रिय झाला. पाश्चात्त्य पत्रकारांनी त्याची खादाडपणाचे तमाशे म्हणून थट्टा केली. आम्हांस त्यात समोरचा रिकामा पाट दिसतो.

व्यापारी वाचकांस विशेष रुचेल अशी एक हकिकत येथे सांगितली पाहिजे. आपल्या भिशीसारखी ‘ग्ये’ नावाची संस्था कोरियात शतकानुशतके चालत आली आहे. दहा-वीस जणांनी दरमहा ठराविक रक्कम टाकावी आणि पाळीपाळीने प्रत्येकाने ती उचलावी. लग्न, मर्तिक, मुलांचे शिक्षण, दुकानाचे भांडवल अशा कित्येक गोष्टी ग्येच्या आधाराने पार पडल्या. तिचा दोषही भिशीचाच: चालविणारी व्यक्ती पैसे घेऊन पसार झाली की सारेच बुडाले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये काकाओबँकेने ‘गटाचे खाते’ काढले. एकाने खाते उघडावयाचे, काकाओटॉकवरून इतरांस बोलवावयाचे. मग शिल्लक किती, कोणी वर्गणी भरली, कोणाची राहिली, चालविणाऱ्याने कोठे किती खर्च केला, हे प्रत्येकास आपापल्या हातफोनवर तत्क्षणी दिसते. जणू वही सर्वांपुढे उघडी पडलेली! लक्षावधी लोकांनी ही सोय स्वीकारली. मित्रांच्या सहली, भावंडांनी मिळून आईबापांसाठी ठेवावयाची रक्कम, सारे तीत आले. मात्र एक बारकावा आमच्या वाचकांच्या चटकन ध्यानात येईल. कायद्याच्या दृष्टीने ते खाते ज्याने उघडले त्या एकट्याचेच असते. पाहण्याचा हक्क सर्वांस, काढण्याचा एकास. म्हणजे विश्वासाची गरज संपली नाही. तिच्यावर प्रकाश तेवढा पडला.

आहेराचेही असेच. कोरियन लग्नात मंडपाच्या दाराशी मेज मांडून नातलग बसतात, पाकिटे घेतात आणि नाव व रक्कम वहीत टिपून ठेवतात. कारण पुढे त्याच्या घरी कार्य निघाले की तितके परत द्यावयाचे असते. रक्कम विषम आकड्यात द्यावी अशी जुनी रीत. आपल्या ५१ व १०१ ची आठवण करून देणारी. आता पत्रिका हातफोनवर येते, आणि तिच्याखाली वराच्या व वधूच्या पक्षांचे बँक-खात्यांचे क्रमांक दिलेले असतात. २०२० नंतरच्या साथीच्या दिवसांत ही पद्धत सर्वमान्य झाली. मृत्यूची वार्ताही अशीच येते, खात्याच्या क्रमांकासह. ५० हजार वॉन द्यावे की १ लाख, यावर तरुण नोकरदारांत अखंड चर्चा चालते. पूर्वी पत्रिका जिव्हाळ्याच्या माणसांस जाई. आता एका स्पर्शाने ती चारशे जणांस जाते आणि चारशे जणांच्या डोक्यावर देणे चढते. ठकांनीही हे मर्म अचूक हेरले. खोट्या लग्नपत्रिका आणि खोट्या मृत्युवार्ता पाठवून, त्यांतील दुवा उघडणाऱ्याचे पैसे लांबविण्याचे गुन्हे तेथे उदंड झाले आहेत. कोरियन मनुष्य इतर कोणत्याही निरोपाकडे दुर्लक्ष करील, परंतु कोणाच्या घरी मृत्यू झाल्याची वार्ता आली तर ती उघडल्याशिवाय राहणार नाही, हे त्या ठकांस पक्के ठाऊक!

सारा समाज एका छपराखाली आला की ते छप्पर कोसळण्याची भीती येतेच. १५ ऑक्टोबर २०२२, शनिवार, दुपारची वेळ. सेऊलजवळ पांग्यो येथे ज्या इमारतीत काकाओची यंत्रे होती तिला आग लागली, आणि देशभर निरोप थांबले. निरोपच नव्हे, टॅक्सी बोलावता येईना, पैसे देता-घेता येईनात, दुकानदारांस मागण्या कळेनात. सेवा पूर्ववत होण्यास १२७ तास ३० मिनिटे लागली. कंपनीच्या दोन मुख्याधिकाऱ्यांपैकी एकाने राजीनामा दिला. खासगी कंपनीची सेवा बंद पडली म्हणून राष्ट्राध्यक्षांनी ती राष्ट्राच्या पायाभूत सोयींसारखीच असल्याचे सांगावे, यातच सर्व आले. पेढीचा सारा व्यवहार एकाच गुदामात ठेवू नये, हे आपल्या आजोबांस ठाऊक होते. अत्यंत प्रगत राष्ट्राने ते पाच दिवसांत शिकून घेतले.

हातफोनच्या सार्वजनिक उपयोगाची दोन उदाहरणे देतो. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. २०२१ च्या जूनपासून एखादे मूल हरवले, किंवा विस्मृतीचा आजार झालेला वृद्ध घर चुकला, तर पोलीस त्या परिसरातील सर्व हातफोनांवर निरोप पाठवितात: नाव, वय, उंची, अंगावरील कपडे. बाजारात उभा असलेला मनुष्य तो वाचतो, मान वर करून पाहतो, आणि कित्येकदा समोरच त्या वर्णनाचे आजोबा दिसतात. ‘उरी’ या शब्दाचे इतके सुंदर रूप दुसरे नसेल.

दुसरे उदाहरण त्यापूर्वीच्या वर्षीचे. २०१५ मधील मर्सच्या साथीनंतर कायदा बदलून, रोग्याच्या हातफोनची व बँकेच्या पत्रांची नोंद तपासण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. २०२० मध्ये करोना आला तेव्हा रोग्याचे नाव न देता, पण वय, लिंग आणि तो केव्हा कोठे गेला होता हे लोकांस कळविले जाऊ लागले. साथ आटोक्यात राहण्यास याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. परंतु नाव नसले म्हणून काय झाले? उपाहारगृह, वेळ, सोबत कोण, यांवरून शेजारी ओळख पटवू लागले आणि रोगापेक्षा बदनामीची धास्ती अधिक झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात सेऊलच्या इतेवॉन भागातील रात्रीच्या क्लबांतून साथ पसरली, तेव्हा मनोऱ्यांच्या नोंदींवरून त्या परिसरात अर्ध्या तासाहून अधिक थांबलेले १०,९०५ हातफोन हुडकून काढण्यात आले. त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ होते. घरी व कचेरीत कळेल या भयाने ते तपासणीस येईनात. अखेर नाव न विचारता तपासणी करण्याचे ठरवावे लागले, आणि मग माणसे आली. हरवलेल्या आजोबांस घरी आणणारा डोळा तोच, आणि या तरुणांस लपावयास लावणारा डोळाही तोच.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष युन सुक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. पावसापाण्यापासून रस्त्यावरील बर्फापर्यंत प्रत्येक गोष्टीचा इशारा देणारी सरकारी यंत्रणा त्या रात्री मूक राहिली. लष्करी कायद्याचा निरोप हातफोनवर आलाच नाही. लोकांनीच एकमेकांस कळविले. विरोधी पक्षाचे नेते ली जे-म्युंग यांनी संसदेकडे जाताना मोटारीतूनच हातफोनवर लोकांस हाक घातली आणि संसदेची भिंत चढतानाचे दृश्यही हजारोंनी थेट पाहिले. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास उपस्थित १९० सभासदांनी एकमताने तो कायदा उठविण्याचा ठराव केला. पहाटे साडेचारच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांनी माघार घेतली.

पुढील दोन आठवड्यांत संसदेभोवतीच्या योइदो भागात थंडीत लाखो लोक जमले. मेणबत्त्यांच्या जागी तरुण मुलींच्या हाती गाण्याच्या कार्यक्रमांस न्यावयाचे दिवे होते. हे दिवे हातफोनशी जोडता येतात आणि कार्यक्रमात हजारो दिव्यांचे रंग एकाच वेळी, मध्यवर्ती यंत्राच्या हुकमाने, बदलतात. सभेच्या मैदानावर तसा हुकूम देणारे यंत्र नव्हते; जो तो आपला रंग घेऊन आला होता. आणि ज्यांना येता आले नाही त्यांनी काय केले? त्यांनी घरबसल्या, काहींनी तर परदेशातून, आसपासच्या दुकानदारांस पैसे पाठविले: माझ्या नावाने शंभर पेले कॉफी, पन्नास जणांचे जेवण, जो येईल त्यास द्या. कोणत्या दुकानात कशाचे पैसे आगाऊ जमा आहेत याच्या याद्या स्वयंसेवकांनी हातफोनवर उपलब्ध केल्या. घेणारा देणाऱ्यास ओळखत नाही, देणाऱ्याने घेणाऱ्यास पाहिलेले नाही, आणि मध्ये उभा आहे तो दुकानदार, ज्याच्या प्रामाणिकपणावर सारा व्यवहार चालावयाचा. आगाऊ रक्कम घेऊन अनोळखी माणसास माल देणे, हा व्यापाराचा प्रकार आमच्या पाहण्यात नव्हता. १४ डिसेंबर रोजी संसदेने महाभियोग मंजूर केला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटना-न्यायालयाने युन यांना पदच्युत केले.

एवढे सर्व सांगितल्यावर या घराबाहेर कोण राहिले तेही सांगणे प्राप्त आहे. तेथे हातफोन हाच आता ओळखीचा दाखला झाला आहे. बँक असो की सरकारी कचेरी, स्वतःच्या नावावरील क्रमांकावर आलेले आकडे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२५ च्या मार्चपासून नागरिकत्वाचे ओळखपत्रही हातफोनमध्ये ठेवण्याची सोय देशभर झाली. ज्यास हे जमत नाही, तो म्हातारा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा राहतो आणि आधीच बोलावल्या गेलेल्या रिकाम्या टॅक्सी त्याच्यासमोरून निघून जातात. आगगाडीत तरुण बसलेले आणि वृद्ध उभे, असे दृश्य दिसते. तरुण उद्धट झाले म्हणून नव्हे, जागा आठवड्यापूर्वीच हातफोनवर विकल्या गेल्या म्हणून. वडीलधाऱ्यांपुढे दोन्ही हातांनी पेला धरणाऱ्या समाजात हे घडावे, याचे त्यांनाही दुःख आहे. मुलांचीही चिंता आहेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने, २०२६ च्या मार्चपासून वर्गात हातफोन वापरण्यास बंदी करणारा कायदा केला.

आणि जो आत आहे, पण ज्यास बाहेर पडावयाचे आहे, त्याचे काय? काकाओच्या निरोपापुढे एक आकडा असतो; जितक्यांनी निरोप वाचला नाही तितका तो आकडा, आणि सर्वांनी वाचला की तो नाहीसा होतो. साहेबाचा निरोप रात्री अकरास आला आणि आकडा गेला, की तुम्ही वाचलात हे सिद्ध झाले. आता उत्तर न देणे हा अपराध. शाळांतून तर दुष्ट मुले एखाद्या दुबळ्या मुलास खोलीत ओढून त्याची विटंबना करीत. तो बाहेर पडला की पुन्हा ओढत. या छळास मुलांनी ‘काकाओचा तुरुंग’ असे नाव दिले. मोठ्यांचा तुरुंग याहून सौम्य, पण होताच. कारण कोणीही खोली सोडली की सर्वांपुढे एक ओळ उमटे: अमुक बाहेर गेले. नोकरी सुटली तरी जुन्या कचेरीची खोली सुटत नसे. भांडण नसले तरी भांडण झाल्यासारखे दिसेल म्हणून माणसे वर्षानुवर्षे बसून राहत. गोष्ट इतक्या थरास गेली की २०२३ च्या आरंभी एका संसद-सभासदाने, गाजावाजा न होता बाहेर पडण्याची सोय असलीच पाहिजे, असा कायदा सुचविला. त्याच वर्षी मे महिन्यात काकाओने ‘शांतपणे बाहेर पडा’ असा पर्याय दिला. तो वापरला म्हणजे आता कोणतीही ओळ उमटत नाही. खोलीच्या नावाशेजारी माणसांची संख्या असते, ती तेवढी एकाने कमी होते.